बॉस्टन लीगल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाच पर्वे आणि १०१ भागांची ही मालिका मी आजवर तीन वेळा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली आहे. आवडते भाग किती वेळा पाहिले, याची मोजदाद ठेवलेली नाही. ज्यांना आग्रह करून, प्रसंगी मागे लागून, ती पाहायला लावली, त्यांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न आणि त्यांची माझी उत्तरे येथे एकत्र केली आहेत. ही उत्तरे एका चाहत्याची असल्याने त्यांत पक्षपात आहे, आणि तो मी लपवलेला नाही. मालिकेचा शेवट ज्यांना आधी कळू द्यायचा नाही, त्यांनी अखेरचे दोन प्रश्न वाचू नयेत.

ही मालिका विनोदी समजावी की गंभीर?

कागदोपत्री ती तासाभराच्या भागांची न्यायालयीन नाट्यमालिका आहे. ३ ऑक्टोबर २००४ ते ८ डिसेंबर २००८ या काळात ती अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर दाखवली गेली, आणि ती घडते ती क्रेन, पूल अँड श्मिट या बॉस्टनमधील बड्या वकिली फर्ममध्ये. प्रत्यक्षात मात्र ‘विनोदी की गंभीर’ हा प्रश्न या मालिकेपुढे टिकत नाही. इतर मालिकांत हसवणारे पात्र वेगळे असते आणि रडवणारे वेगळे; येथे एकच माणूस एकाच प्रसंगात दोन्ही कामे करतो. खटला अत्यंत गंभीर असतो, तो लढवणारा वकील वाह्यात असतो, आणि त्याच्या वाह्यातपणामुळेच खटल्याचा मुद्दा आपल्या मनात घर करतो. न्यायाधीश सँडर्स हे वृद्ध गृहस्थ वकिलांची बडबड ऐकून वैतागतात आणि ‘जिबर जॅबर’ असे ओरडतात. पहिल्यांदा आपण हसतो. पाचव्यांदा लक्षात येते की, त्या क्षणी न्यायालयात खरोखरच पोकळ शब्दांची आतषबाजी चालू होती आणि ती नेमकी ओळखणारा माणूस तेवढा एकच होता.

त्याआधीची ‘द प्रॅक्टिस’ ही मालिका पाहणे आवश्यक आहे का?

नाही. डेव्हिड ई. केली यांनीच निर्माण केलेली ‘द प्रॅक्टिस’ १९९७ पासून २००४ पर्यंत चालली. तिच्या शेवटच्या, म्हणजे आठव्या, पर्वात ॲलन शोर (जेम्स स्पेडर) हा वकील दाखल झाला, डेनी क्रेनही (विल्यम शॅटनर) तेथेच प्रथम दिसला, आणि त्या दोघांना घेऊन ही नवी मालिका उभी राहिली. जुन्या मालिकेचा स्वभाव करडा होता. ॲलन तेथे पाहुण्याच्या घरात चपला घालून फिरणाऱ्या माणसासारखा वाटतो. येथे घरच त्याचे आहे. पूर्वपीठिका कळावी एवढ्यासाठी ते आठवे पर्व पाहायला हरकत नाही, पण ते अडून बसण्याचे कारण नव्हे.

केली यांच्याविषयी एवढे सांगितले पाहिजे की, त्यांनी बॉस्टन विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेतले आणि लेखनाकडे वळण्यापूर्वी त्याच शहरात वकिली केली. कायद्याची थट्टा करणारा माणूस कायदा शिकलेला आहे, हे पाहताना जाणवत राहते.

पहिला भाग पाहून माझा गोंधळ उडाला. पुढे पाहावे का?

पहिल्या भागाने माझाही गोंधळ उडाला होता. फर्मच्या नावात ज्यांचे नाव आहे ते भागीदार एडविन पूल महत्त्वाच्या बैठकीला कमरेखाली कपडे न घालता येतात, आणि मालिका त्यांना तेथूनच उपचारासाठी रवाना करते. त्याच भागात ‘ॲनी’ या संगीत नाटकातील अनाथ ॲनीची भूमिका केवळ कृष्णवर्णीय असल्यामुळे नाकारली गेलेली एक लहान मुलगी ॲलनची अशील म्हणून येते. दावा कायद्याच्या अंगाने दुबळा आहे, हे ॲलनला ठाऊक असते. सुनावणी हातची जात असताना न्यायालयाचे दार उघडते आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे नेते रेव्हरंड अल शार्प्टन, म्हणजे साक्षात खरे शार्प्टन, आत येऊन भाषण ठोकतात. हा शुद्ध तमाशा आहे, आणि मालिका तो तमाशा म्हणूनच दाखवते. मात्र पुढे दहा वर्षांनी, २०१४ साली, ॲनीच्या कथेवरील नव्या चित्रपटात त्या भूमिकेत कृष्णवर्णीय मुलगीच झळकली, हे आठवले की त्या तमाशाकडे जरा आदराने पाहावेसे वाटते.

तेव्हा पुढे जरूर पाहावे. निदान अकराव्या भागापर्यंत तरी. त्या भागात फर्मच्या नावातील तिसरी भागीदार शर्ली श्मिट येते आणि मालिकेला कणा मिळतो. तोवर फर्ममध्ये सगळेच वात्रट असतात आणि त्यांना आवरणारे असे कोणी नसते. ज्येष्ठ भागीदार पॉल लुईस्टन प्रयत्न करतो, पण त्याच्या कपाळावरच्या आठ्यांना कोणी भीक घालत नाही. कँडिस बर्गन यांची शर्ली नुसती भुवई वर करते आणि खोलीतील आवाज खाली येतो.

डेनी क्रेन सतत स्वतःचेच नाव का उच्चारतो?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे. वरवरचे उत्तर असे की, तो आत्मप्रौढीचा अर्क आहे. एकही खटला न हरलेला वकील अशी त्याची ख्याती तो स्वतःच सांगत फिरतो, आणि ‘डेनी क्रेन’ हे शब्द तो नमस्कार म्हणून, धमकी म्हणून, हरकत म्हणून आणि कधीकधी पूर्णविराम म्हणूनही वापरतो. विल्यम शॅटनर हे दोन शब्द किती तऱ्हांनी म्हणतात, याची एकदा यादी करायला बसलो होतो. ती सोडून द्यावी लागली.

दुसरे उत्तर हळूहळू उलगडते. डेनीची स्मृती ढासळत आहे. साक्षीदाराचे नाव, खटल्याचा मुद्दा, कधी आपण कोणाची बाजू मांडत आहोत हेसुद्धा तो विसरतो, आणि विचारणाऱ्याला ‘मॅड काऊ’ असे उत्तर देऊन मोकळा होतो. गाईंच्या त्या रोगाशी संबंधित मानवी आजार १९९६ साली ब्रिटनमध्ये ओळखला गेला. तो दुर्मीळ आहे आणि मुख्यतः तरुण रुग्णांत आढळला, त्यामुळे डेनीचे स्वतःविषयीचे निदान वैद्यकीय दृष्ट्या हास्यास्पद आहे. पण अल्झायमर हा शब्द तोंडातून काढण्यापेक्षा गाईचे निमित्त सोपे असते. हे एकदा कळले की, प्रत्येक ‘डेनी क्रेन’ वेगळा ऐकू येऊ लागतो. स्वतःचे नाव अजून आठवते आहे ना, याची तो दर पाच मिनिटांनी खात्री करून घेत असतो. हा अर्थ माझा आहे, मालिकेने तो कोठेही शब्दांत सांगितलेला नाही. पण दुसऱ्यांदा पाहताना मला तो टाळता आला नाही.

बाल्कनीतील प्रसंगाला एवढे महत्त्व का दिले जाते?

जवळजवळ प्रत्येक भागाच्या अखेरीस डेनी आणि ॲलन डेनीच्या कार्यालयाबाहेरील बाल्कनीत खुर्च्या टाकून बसतात, हातात स्कॉचचा पेला आणि सिगार असतो, खाली शहराचे दिवे असतात, आणि दिवसभरात जे घडले त्याविषयी ते बोलतात. घडत काहीच नाही. तरीही चाहत्यांना भागांची नावे आठवत नाहीत, बाल्कनीतील संवाद आठवतात.

याचे कारण या दोघांच्या मतभेदांत आहे. डेनी कट्टर रिपब्लिकन, बंदुकांचा शौकीन, कार्यालयातसुद्धा गोळी झाडायला मागेपुढे न पाहणारा. ॲलन तितकाच कट्टर उदारमतवादी, सरकारवर तोंडसुख घेण्याची एकही संधी न सोडणारा. दिवसा न्यायालयात ते एकमेकांच्या विरोधातही उभे राहतात. चौथ्या पर्वातील ‘पेट्रियट ॲक्ट्स’ या भागात मॅसॅच्युसेट्समधील, म्हणजे बॉस्टनच्याच राज्यातील, कॉन्कॉर्ड गाव अमेरिकेतून फुटून निघण्याचा ठराव करते. स्वातंत्र्ययुद्धाची पहिली लढाई १९ एप्रिल १७७५ रोजी ज्या दोन गावांत झाली त्यांपैकी हे एक, त्यामुळे खटल्यासाठी निवडलेले स्थळ चपखल आहे. ॲलन गावाचे वकीलपत्र घेतो आणि डेनी, ज्याच्यासाठी देशप्रेम ही चेष्टेची गोष्ट नाही, त्याच्याविरुद्ध उभा राहतो. कायद्याच्या दृष्टीने निकालाबद्दल शंकाच नसते. एकतर्फी फुटून निघता येत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेक्सास विरुद्ध व्हाइट या खटल्यात १८६९ सालीच सांगून टाकले आहे. पाहायचे असते ते एवढेच की, रात्री दोन्ही खुर्च्या भरतात की नाही.

त्या भरतात. मालिकेतील खटल्यांचे निकाल मला पुष्कळदा पटत नाहीत, पण त्या खुर्च्यांवर मी कधी संशय घेतलेला नाही.

ॲलन शोरची लांबलचक भाषणे खऱ्या न्यायालयात चालतील का?

बहुतांश चालणार नाहीत, आणि का चालणार नाहीत हे समजून घेतले तर ती अधिक आवडतात, असा माझा अनुभव आहे.

पहिली अडचण क्रमाची. मॅसॅच्युसेट्समध्ये फौजदारी खटल्यातील अंतिम युक्तिवाद बचाव पक्षाने आधी करायचा असतो आणि शेवटचा शब्द सरकारी वकिलाचा असतो. अमेरिकेतील इतर पुष्कळ ठिकाणच्या पद्धतीपेक्षा हे वेगळे आहे. मालिकेत मात्र सरकारी वकील आपले बोलून बसतो, कॅमेरा ॲलनकडे वळतो, जेम्स स्पेडर सावकाश उठून कोटाचे बटण लावतात आणि त्यानंतर बोलायला कोणी उरतच नाही. नाट्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे; बॉस्टनमधील वकिलांनी मात्र दातओठ खाल्ले असतील.

दुसरी अडचण आशयाची आहे आणि ती अधिक रंजक आहे. दुसऱ्या पर्वातील ‘स्टिक इट’ हा भाग उदाहरणादाखल घेऊ. ॲलनची सेक्रेटरी मेलिसा सरकारच्या धोरणांचा निषेध म्हणून आयकर भरत नाही आणि तिच्यावर खटला भरला जातो. अमेरिकी कायद्यानुसार कर चुकवण्याच्या गुन्ह्यात हेतुपुरस्सरता सिद्ध व्हावी लागते. कायदा समजण्यात प्रामाणिक चूक झाली असेल तर तो बचाव होऊ शकतो; परंतु कायदाच घटनाबाह्य आहे असे मला वाटते, हा बचाव होऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये चीक खटल्यात स्पष्ट केले. सरकार आवडत नाही, हा तर त्याहून दूरचा मुद्दा झाला. म्हणजे मेलिसाच्या बाजूने कायद्यात बोलण्यासारखे जवळजवळ काहीच नाही. आणि ॲलन कायद्याविषयी बोलतच नाही. इराकचे युद्ध, कैद्यांचा छळ, नागरिकांवरील पाळत असे एकेक प्रकरण तो ज्युरीपुढे ठेवत जातो आणि लोक गप्प का आहेत, असे विचारतो.

याला काय म्हणायचे? ज्युरीने पुरावा आणि कायदा बाजूला सारून आपल्या सदसद्विवेकाने आरोपीला सोडून देणे, ही अमेरिकी पद्धतीत एक जुनी पळवाट आहे. ज्युरीने निर्दोष ठरवलेल्या माणसावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही, त्यामुळे ही पळवाट बुजवताही येत नाही. पण वकिलाने ज्युरीला तसे करण्याचे उघड आवाहन करायला मनाई असते. ॲलनची निम्मी भाषणे म्हणजे हेच आवाहन, फक्त ते शब्द न उच्चारता केलेले. विरोधी वकील हरकत घेतो, न्यायाधीश डोळे वटारतात, आणि ॲलन त्या दोन हरकतींच्या मधल्या फटीतून पुढचे वाक्य सरकवतो. ही फट दिसू लागल्यावर ती भाषणे नुसती भावनिक राहत नाहीत; तारेवरून चालणाऱ्या माणसाकडे पाहिल्यासारखे वाटू लागते.

मृत्युदंडाविषयीचे भाग एवढे वेगळे का वाटतात?

पहिल्या पर्वाचा शेवट ‘डेथ बी नॉट प्राउड’ या भागाने होतो. मॅसॅच्युसेट्समध्ये १९४७ नंतर कोणालाही देहदंड दिला गेलेला नाही, आणि १९८४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मृत्युदंडाचा तेथील कायदाही रद्दबातल ठरवला. म्हणून या विषयासाठी मालिकेला आपले शहर सोडावे लागते. ॲलन टेक्सासला जातो. चेलिना हॉलच्या भूमिकेत केरी वॉशिंग्टन त्याच्याबरोबर आहेत. तेथील न्यायाधीशांपुढे त्याची जीभ पूर्वीसारखीच चालते, फरक एवढाच की कोणी हसत नाही. त्याचे शब्दचातुर्य त्या न्यायासनावर आपटून खाली पडते, आणि त्याच्या अशिलाचा जीव वाचत नाही. पूर्ण पर्वभर जिभेच्या जोरावर जिंकत आलेल्या माणसाला तिची मर्यादा दाखवून पर्व संपवणे, हा निर्णय मला आजही धाडसी वाटतो.

चौथ्या पर्वातील ‘द कोर्ट सुप्रीम’ हा भाग याच विषयाचा दुसरा अंक आहे. बालकावरील बलात्काराच्या गुन्ह्यासाठी, बळीचा मृत्यू झालेला नसताना, मृत्युदंड देता येईल का, या प्रश्नावर ॲलन वॉशिंग्टनमध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे उभा राहतो. हा भाग एप्रिल २००८ मध्ये दाखवला गेला आणि त्याच महिन्यात, १६ तारखेला, खऱ्या सर्वोच्च न्यायालयात नेमक्या याच प्रश्नावर केनेडी विरुद्ध लुईझियाना या खटल्याची सुनावणी झाली. २५ जून २००८ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी तसा मृत्युदंड घटनाबाह्य ठरला. मालिकेत ॲलन न्यायमूर्तींनाच फैलावर घेतो आणि ते बराच वेळ ऐकून घेतात. प्रत्यक्षात तेथे एका बाजूला सामान्यतः अर्धा तास मिळत असे आणि त्यातील मोठा भाग न्यायमूर्तींच्या प्रश्नांतच जाई; सलग दोन मिनिटे बोलायला मिळाले तरी वकील स्वतःला भाग्यवान समजत. पण त्या दालनात कॅमेऱ्याला प्रवेश नसल्यामुळे, खोट्या का होईना, नऊ न्यायमूर्तींचे चेहरे पडताना पाहण्याचा आनंद मालिकेशिवाय कोण देणार?

पात्रांना आपण मालिकेत आहोत हे ठाऊक असते का?

अधूनमधून असते. बाल्कनीत ॲलन भेटताच डेनी एकदा म्हणतो की, या भागात तू मला फारसा दिसलाच नाहीस. तिसऱ्या पर्वाच्या दुसऱ्या भागात दोन नवे वकील रुजू होतात, तेव्हा त्यांना ऐकवले जाते की, तुम्ही खरोखर नवे असता तर पर्वाच्या पहिल्याच भागात आला असता. शॅटनर यांनी अंतराळयानाच्या कप्तानाची भूमिका केलेल्या ‘स्टार ट्रेक’ या जुन्या अंतराळमालिकेची कोपरखळी तर हक्काचीच असते. डेनीचा मोबाइल उघडताना त्या मालिकेतील संपर्कयंत्राचा आवाज येतो. ‘फाइंडिंग निमो’ या भागात दोघे मित्र कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात निमो बे येथे सामन पकडायला जातात. मत्स्यशेतीच्या जाळ्यांतून पसरणाऱ्या समुद्री उवा सामनच्या पिलांना कशा चिकटतात, हे तेथे त्यांना समजावून सांगितले जात असते, आणि त्या उवांना ‘क्लिंग-ऑन’ (त्या मालिकेतील परग्रहवासी ‘क्लिंगॉन’ यांच्याशी जुळणारे नाव) म्हणतात हे कानावर पडताच डेनीचे कान टवकारतात. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर एक जुना कप्तान डोकावून जातो. समुद्री उवांचा प्रश्न त्या किनाऱ्यावर खरोखरच गंभीर आहे, आणि मला तो या विनोदामुळे कळला.

‘सन ऑफ द डिफेंडर’ या भागातील कृष्णधवल दृश्ये कोठून आली?

ती खरी आहेत. शॅटनर यांनी १९५७ साली ‘स्टुडिओ वन’ या कार्यक्रमातील ‘द डिफेंडर’ या दोन भागांच्या नाटकात तरुण वकिलाची भूमिका केली होती. वकील वडिलांच्या भूमिकेत राल्फ बेलामी आणि आरोपीच्या भूमिकेत स्टीव्ह मक्वीन होते. पन्नास वर्षांनी, २००७ मध्ये, मालिकेने तीच दृश्ये डेनीचा भूतकाळ म्हणून वापरली. त्या जुन्या खटल्याचा राग मनात धरून आलेला एक माणूस फर्ममध्ये शिरतो आणि डेनीला ओलीस धरतो. तरुण शॅटनर वडिलांकडे पाहतात, दृश्य कापले जाते आणि म्हातारे शॅटनर पडद्यावर येतात. गाल भरलेले, डोळे मात्र तेच. मेकअप नाही, संगणकाची करामत नाही, मध्ये फक्त पन्नास वर्षे. विसरत चाललेल्या माणसाची आठवण दाखवायला याहून चांगले साधन कोणाला सुचले असते असे मला वाटत नाही. एकच भाग पाहायचा असेल तर कोणता, असे कोणी विचारले की मी हाच सांगतो.

जेरी एस्पेन्सनची थट्टा केली आहे, असे वाटत नाही का?

सुरुवातीला वाटते. हात मांड्यांना चिकटवून चालणारा, उड्या मारणारा, घशातून चमत्कारिक आवाज काढणारा हा वकील दुसऱ्या पर्वात येतो आणि ‘हँड्स’ या टोपणनावाने ओळखला जातो. भागीदारी नाकारली गेल्यावर तो केक कापायची सुरी शर्लीच्या गळ्याला लावतो. तेथे त्याचे काम संपले असते तर थट्टेचा आरोप मी मान्य केला असता. पण त्याला ॲस्पर्जर सिंड्रोम, म्हणजे स्वमग्नतेचा एक प्रकार, असल्याचे निदान होते आणि त्यानंतर मालिका त्याला सोडत नाही. ॲलन त्याच्याशी ज्या सबुरीने बोलतो, ती सबुरी तो दुसऱ्या कोणाबाबत दाखवत नाही. पुढे जेरी न्यायालयात स्वतःच्या पायावर उभा राहतो आणि क्लॅरेन्स या सहकाऱ्याशी त्याची दोस्ती जमते. ख्रिश्चन क्लेमन्सन यांना या भूमिकेसाठी २००६ चा एमी हा दूरचित्रवाणी पुरस्कार मिळाला, तो पाहुणा कलाकार या विभागात. पाहुणा पुढे घरचाच झाला. त्याच्या सवयींवर विनोद होतात हे खरेच आहे, परंतु हळूहळू ते विनोद करण्याचा हक्क त्याच्याकडे जातो.

आज पाहताना कोणत्या गोष्टी खटकतात?

डेनी आणि ॲलन स्त्री सहकाऱ्यांशी जे बोलतात, त्यांतले पुष्कळसे आज ऐकवत नाही, आणि माझ्या मते ते तेव्हाही गंमतीचे नव्हते. शर्ली, तिला साजेशा थंडपणाने, प्रत्येक वेळी उत्तर देते, म्हणून ते प्रसंग निभावून जातात. पण तरुण वकील मुलींना तशी उत्तरे लिहून दिलेली नाहीत. लठ्ठ किंवा बुटक्या माणसांवरील काही विनोदही केवळ आळसातून आलेले आहेत. फर्मवर लैंगिक छळाचे जेवढे दावे मालिकेत दाखल होतात, त्याहून किती तरी अधिक व्हायला हवे होते.

दुसरी तक्रार हिशेबाची. पात्रे निरोप न घेता नाहीशी होतात. काल कार्यालयात बसलेला वकील पुढच्या पर्वात नसतो आणि कोणी त्याची चौकशीही करत नाही. केली यांच्या मालिकांत हे नेहमीच घडते. सवय करून घ्यावी लागते.

बेटी व्हाइट यांच्या कॅथरिनचे प्रकरण किती अंधारे आहे?

बरेच. ॲलनने आईचा फ्राइंग पॅनने खून करणाऱ्या बर्नार्डला सोडवून आणलेले असते, आणि गोड बोलणारी, धर्मभीरू कॅथरिन पायपर त्याच साधनाने त्याचा न्याय करते. यापेक्षा अधिक सांगत नाही. ज्यांनी पाहिले आहे, त्यांना फ्रीझर आठवत असेलच.

चित्रीकरण बॉस्टनमध्ये झाले का?

अंतर्भागाचे चित्रीकरण कॅलिफोर्नियात, मॅनहॅटन बीच येथील स्टुडिओत झाले. फर्मची म्हणून बाहेरून दाखवली जाणारी इमारत मात्र बॉस्टनची आहे. ती ५०० बॉयल्स्टन स्ट्रीट येथे उभी आहे. ती प्रसिद्ध बाल्कनी म्हणजे स्टुडिओतला सेट आहे, हे कळल्यावर मला थोडे वाईट वाटले होते.

मालिकेला कोणते सन्मान मिळाले?

सांगण्यासारखी गोष्ट ही की, स्पेडर आणि शॅटनर या दोघांनाही एकाच पात्रासाठी दोन वेगवेगळ्या मालिकांतून एमी मिळाला: २००४ मध्ये ‘द प्रॅक्टिस’साठी आणि २००५ मध्ये ‘बॉस्टन लीगल’साठी. स्पेडर यांना २००७ मध्ये तो पुन्हा मिळाला. पीबॉडी पुरस्कारही मालिकेच्या नावावर आहे.

शेवटच्या भागात डेनी आणि ॲलन यांचे लग्न का होते?

कारण दोघांना दुसरे कोणी नाही, आणि कायद्याने दिलेली सर्वांत भक्कम नाती मोजकीच आहेत. डेनीचा आजार बळावला आहे. आपल्या पश्चात संपत्ती ॲलनला मिळावी आणि शुद्ध हरपल्यावर उपचारांचे निर्णय त्याने घ्यावेत, अशी डेनीची इच्छा आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये १७ मे २००४ पासून, म्हणजे ही मालिका सुरू होण्यापूर्वी काही महिने, समलिंगी विवाह कायदेशीर झाला होता. तेव्हा डेनी त्याला मागणी घालतो. दोघेही समलिंगी नाहीत; म्हणून हा विवाह म्हणजे आमच्या लढ्याची टिंगल आहे, असे म्हणत समलिंगी हक्कांसाठी काम करणारी मंडळीच न्यायालयात जातात. हा आक्षेप मालिका हसण्यावारी नेत नाही, हे मला विशेष वाटते. लग्नाच्या हक्कात प्रेमाचा प्रकार तपासण्याचा अधिकार न्यायालयाला आहे का, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी नीट मांडला जातो.

येथे एक कायदेशीर बारकावा, जो मला पुष्कळ उशिरा कळला. लग्नामुळे संपत्तीची सोय होईल हा डेनीचा हिशेब २००८ साली निम्माच बरोबर होता. राज्याने विवाह मानला तरी १९९६ च्या संघराज्यीय कायद्यानुसार वॉशिंग्टन तो मानत नसे, त्यामुळे पती-पत्नींना मिळणारी वारसा कराची सूट ॲलनला मिळाली नसती. ती तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये विंडसर खटल्यात रद्द केली. तो खटलाही नेमका याच कराचा होता: कॅनडात विवाहबद्ध झालेल्या दोन स्त्रियांपैकी एकीच्या मृत्यूनंतर दुसरीला ३,६३,०५३ डॉलर भरावे लागले होते. डेनीसारख्या धनाढ्याच्या बाबतीत ही रक्कम किती झाली असती याची कल्पनाच केलेली बरी.

शेवट समाधानकारक आहे का?

मला तो पटतो, त्यातील सर्व अशक्य गोष्टींसह. अल्झायमरवरील एक अजून मान्यता न मिळालेले औषध डेनीला घेता यावे म्हणून ॲलन पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे जातो. खऱ्या जगात मरणासन्न रुग्णांना प्रायोगिक औषधे मिळण्याचा घटनात्मक हक्क वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ऑगस्ट २००७ मध्ये नाकारला होता, आणि जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात लक्ष घालायला नकार दिला. अशा रुग्णांसाठीचा संघराज्यीय कायदा व्हायला २०१८ उजाडले. मालिकेने वर्षाच्या अखेरीस तोच बंद झालेला दरवाजा पुन्हा ठोठावला. ॲलन त्या दिवशी कायद्यापेक्षा मित्राविषयीच अधिक बोलतो, आणि शेजारी बसलेला डेनी ते ऐकत असतो. आपल्याविषयी काय बोलले जात आहे हे त्याला समजते आहे, आणि पुढे ते समजणार नाही हेही त्याला समजते आहे. शॅटनर त्या प्रसंगात जवळजवळ काहीच करत नाहीत.

दरम्यान फर्म चिनी गुंतवणूकदारांच्या हाती जाते. लग्न निमो बे येथे होते, एक नव्हे तर दोन, कारण शर्ली आणि फर्ममधील वकील कार्ल सॅक हेही तेथेच बोहल्यावर चढतात. मासेमारीला आलेले अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती स्कॅलिया, अर्थात त्यांची भूमिका करणारा नट, लग्ने लावतात. अमेरिकी न्यायमूर्तीला कॅनडात लग्न लावण्याचा अधिकार कोठून आला, असे मी प्रत्येक वेळी मनात म्हणतो आणि प्रत्येक वेळी ते विसरतो. कारण लगेच पुढचे दृश्य येते. रात्र आहे, बाल्कनी आहे, खुर्च्या या वेळी रिकाम्या आहेत, आणि दोन मध्यमवयाच्या पलीकडचे पुरुष एकमेकांना धरून सावकाश नाचत आहेत.